न वाजवलेलं मडकं

फुलझाडांची कुंडी फुटत नाही. हे मला नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहरात कळलं.

तिथल्या एका मराठी मुलाचे वडील त्याच्याकडे आलेले असताना अचानक गेले. इथलं दहनगृह म्हणजे कापलेल्या हिरवळीचं अंगण, काचेची दारं आणि आत कॉफीचं यंत्र. मुलाने खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन फेऱ्या घालायच्या होत्या. मडकं मिळेना, म्हणून कुणीतरी रोपवाटिकेतून मातीची कुंडी आणली. तिच्या बुडाला भोक होतं, ते च्युइंगमने बुजवलं होतं. पहिल्याच फेरीत ते सुटलं आणि मुलाचा सूट भिजला. शेवटी त्याने ती पाठीमागे टाकली. ती फरशीवर आपटली, दोनदा उडाली आणि गडगडत जाऊन एका गाडीच्या चाकाशी थांबली. अखंड. सगळे मागे वळून बघू लागले, आणि मागे वळून तर बघायचं नसतं.

"सुलभाताई, तुम्ही पॉटरीवाल्या ना?" तो मुलगा रडवेला होऊन म्हणाला. "ही फुटत का नाही?"

मी सांगायला लागले की कुंडी यंत्रात दाबून केलेली असते, जाड असते, बर्फात टिकावी म्हणून कडक भाजलेली असते. मडकं पातळ असतं, आपलं मडकं फुटण्यासाठीच... मग माझं मलाच ऐकू आलं आणि मी गप्प बसले. अखेर आमच्या मित्राने, मिलिंदने, गाडीतला जॅक काढून कुंडी फोडली. घरी परतताना त्याची बायको संगीता म्हणाली, "आपण सगळे इथे म्हातारे होणार आहोत, आणि एक मडकं नाही या देशात."

मी पॉटरीवाली नाही. लोकांना समजावं म्हणून मीच तसं सांगते. युट्रेख्टच्या बाहेर एका संग्रहालयाचं भांडार आहे, खिडक्या नसलेलं. प्रदर्शनात दिसतं त्याच्या कितीतरी पट तिथे कपाटांत असतं. माझं काम मातीच्या भांड्यांचं. ती कोरड्या कुंचल्याने पुसायची, तडे तपासायचे, फुटलेली जोडायची, आणि कुठे पाठवायची झाली तर ट्रक उलटला तरी जागची हलू नयेत अशी बांधायची. नवऱ्याच्या, श्रीकांतच्या, नोकरीमुळे मी 'डिपेंडंट' म्हणून या देशात आले. पुण्यात इतिहास शिकलेली, वाचायची सवय होती, बोलायची नव्हती. डच शिकले, मग त्या भांडारात बिनपगारी धूळ पुसायला जाऊ लागले आणि तिथलीच झाले.

या कामात पहिल्याच दिवशी शिकवतात की भांडं काठाला धरून उचलायचं नाही. एक हात बुडाखाली, एक पोटाला, तान्ह्या मुलासारखं. दुसरं, जोड असा द्यायचा की पुढे कुणाला सोडवावासा वाटला तर सुटला पाहिजे. कायमचं काही करायचं नाही. तिसरी गोष्ट कुणी शिकवत नाही, ती कळते. जोडलेलं भांडं कितीही अखंड दिसलं तरी ते वाजत नाही. वरून टिचकी मारली तर बद्द आवाज येतो. म्हणून आम्ही टिचकी मारत नाही.

आमच्याकडे लोकांसाठी एक दिवस दार उघडं असतं, तेव्हा घरची फुटकी भांडी घेऊन माणसं येतात. एकदा एक वयस्क डच गृहस्थ साखरेचं भांडं रुमालात बांधून घेऊन आले. बायकोने रागाने आपटलेलं. ती आता नव्हती. म्हणाले, "जोडा, पण तडा दिसू द्या. तेवढं एक भांडण आमचं मिटायचं राहिलंय." मी जोडलं आणि तडा दिसू दिला. अशा गोष्टी लिहायच्या म्हणून मी हा लेख कबूल केला होता. पण लिहायला बसले की हात दुसरीकडेच जातो.

मी कुंभाराची मुलगी आहे, हे भांडारात बरीच वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. कऱ्हाडच्या पुढे कृष्णाकाठच्या एका गावात आमचं घर. वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, चाकावर बसायचे. चाकावर बाई बसत नाही. असा नियम कुणी तोंडाने सांगितलेला मला आठवत नाही. पण मी एकदा लहानपणी चाकाला नुसता हात लावला होता आणि आजीने काही न बोलता माझा हात धुतला होता. आई माती आणायची, कुटायची, चाळायची, त्यात घोड्याची लीद आणि राख मिसळायची, तुडवायची. मडक्यांना तांबड्या मातीची काव द्यायची. आवा, म्हणजे आमची भट्टी, तीच रचायची, आणि आतलं भाजलं की कच्चं आहे हे धुराच्या रंगावरून तीच सांगायची. मडकी मात्र आण्णांची.

मडकं घेणारा माणूस ते वाजवून घेतो. बोटाच्या पेराने टिचकी मारायची, खणखणलं तर पक्कं. आण्णा गिऱ्हाइकासमोर मडकं हातावर तोलून धरायचे आणि म्हणायचे, "वाजवा की!" त्यांचा सगळा रुबाब त्या दोन शब्दांत होता. फक्त मयतासाठी मडकं न्यायला आलेला माणूस ते वाजवत नसे. तो दारात उभा राही, आण्णा आतून मडकं आणून खाली ठेवत, तो उचलून चालू लागे. कुणी बोलत नसे. ते मडकं पहिल्यांदा वाजायचं ते स्मशानात, दगडाने.

आण्णा गेले तेव्हा त्यांच्या हातचं उरलेलं एकच मडकं त्यांच्याबरोबर गेलं. धाकट्या भावाने, दत्ताने, टाइल्सचं दुकान टाकलं. चाक परड्यात उलटं पडलं.

गेल्या उन्हाळ्यात आई तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आली. त्याच सुमारास आमच्या विभागाची प्रमुख विलेमाइन मला म्हणाली, "न्यू मेक्सिकोहून कुंभार येणार आहेत. पुएब्लो लोक. तिथल्या पिढीजात घराण्यातले." पुएब्लो म्हणजे अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या कोरड्या मुलखातल्या मातीच्या घरांची गावं आणि त्यांत राहणारे तिथले मूळचे लोक. आमच्या भांडारात त्यांचे काही घडे आहेत. त्यांतला एक या पाहुण्यांच्या घराण्यातल्या एका पणजीच्या हातचा होता. कुंभार म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर दोन पुरुष आले. हे मी, एवढी पुस्तकं वाचलेली बाई, लिहिते आहे.

दारात दोन बायका उभ्या होत्या. मार्सेलिना, माझ्या आईच्या वयाची, आणि तिची मुलगी रीना.

घडा टेबलावर ठेवला. पांढरा, वर काळ्या रेषांची इतकी बारीक जाळी की बघताना डोळे दुखावेत. मार्सेलिनाने हातमोजे काढले. विलेमाइनने तोंड उघडलं आणि परत मिटलं. मार्सेलिनाने मनगटापर्यंत हात आत घातला आणि डोळे मिटून आतली भिंत चाचपत राहिली. मग म्हणाली, "इथे तिचा अंगठा आहे." रीनाने हात घातला. मग तिने मला खूण केली. मी कितीतरी वेळा तो घडा पुसला होता, आत हात कधीच घातला नव्हता. आत एक खळगा होता. माझा अंगठा त्यात नीट बसला.

"चाक कसलं वापरतात तुमच्याकडे?" मी विचारलं.

"चाक नाही," रीना म्हणाली. "वळ्या करून एकावर एक लावायच्या आणि आतून बाहेरून घासायच्या. आमच्या घरात बायकाच करतात. आईकडून मुलीकडे."

मी सांगितलं की माझे वडील कुंभार होते.

"आणि आई?" मार्सेलिनाने विचारलं.

"आई मदत करायची."

"माती कोण निवडायचं?"

"आई."

"मिसळायचं कोण? भाजायचं कोण?"

"आई."

मार्सेलिना हसली नाही. विचार करून म्हणाली, "मग मदत तुझे वडील करायचे."

सायकलवरून घरी येताना, घरी आल्यावर भाजी चिरताना, ते वाक्य कानाखाली वाजवल्यासारखं जाणवत होतं. जेवताना आईला सांगितलं.

"कायबी बोलती ती बाई," आई म्हणाली. भाताचे दोन घास खाऊन झाल्यावर म्हणाली, "तिला एकदा बघाय पायजे."

ती संधी शेणामुळे आली. पुएब्लो घडे उघड्यावर शेणाच्या गोवऱ्यांत भाजतात. मार्सेलिनाने माती घरून आणली होती, गोवऱ्या विमानात घेत नाहीत. विलेमाइनने सगळ्या विभागांना ईमेल पाठवली, 'वाळवलेलं सेंद्रिय इंधन' कुठे मिळेल म्हणून. या देशात माणसांइतकी गुरं दिसतात आणि एक गोवरी मिळेना. बैठकीत मी हळूच म्हणाले, "माझी आई थापू शकेल." सगळे माझ्याकडे असे बघू लागले की जणू मी आई विमान चालवू शकते असं म्हटलं होतं.

युट्रेख्टजवळच्या पहिल्या गोठ्यात जमिनीला फटी होत्या आणि शेण खाली हौदात पडून पातळ झालेलं. आईने वाकून पाहिलं. "ह्या गाई हायत का नळ?" म्हणाली. दुसरीकडे गवतावर बांधलेल्या गाई होत्या, तिथे तिने पदर खोचला, वर श्रीकांतचा स्वेटर, आणि भिंतीवर पहिली गोवरी चापट मारून चिकटवली. शेतकरी, त्याची बायको, विलेमाइन, सगळे बघत राहिले. मार्सेलिना दोन पावलं पुढे आली, तिने शेण हातात घेतलं, दाबलं, वास घेतला आणि दुसरी गोवरी आईच्या शेजारी लावली. दोघींपैकी एकीला दुसरीचं एक अक्षर समजत नव्हतं.

"ही बाई घरची हाय," आई मला म्हणाली.

गोवऱ्या वाळायला वेळ लागला, कारण इथे ऊनही अपॉइंटमेंट घेऊन येतं. तोवर मार्सेलिना भांडाराच्या कार्यशाळेत घडे करत होती आणि आई रोज माझ्याबरोबर यायला लागली. एक दिवस मार्सेलिनाने कॉफीचा पत्र्याचा डबा उघडला. आत करडी पूड होती. रीना म्हणाली, "आमच्या जुन्या फुटक्या घड्यांची. खापऱ्या दळून नव्या मातीत मिसळतो. त्याने घडा तडकत नाही. आजीचे घडे आहेत यात. त्यांच्यात तिच्या आजीचे."

मी आईला मराठीत सांगितलं. आईने डोळे मोठे केले. "म्हंजी आजी दळून नातीत घालायची!" मग तिने पूड बोटांत चोळली. "बारीक हाय. चांगली दळलीया."

विलेमाइनला मात्र ते ऐकून बसावं लागलं. खापरीचा एक तुकडा हरवला तर आम्ही अहवाल लिहितो.

मार्सेलिनाने तिच्या मातीचा एक गोळा तोडला आणि आईपुढे ठेवला.

आई मागे सरकली. "मला न्हाई येत. मी कधी केलं न्हाई."

मी भाषांतर केलं. मार्सेलिनाने खांदे उडवले, आईचं मनगट धरलं आणि तिचा हात गोळ्यावर ठेवला. चाक तर नव्हतंच. तेव्हा बाटणार काय? आई बराच वेळ नुसती माती दाबत राहिली. मग मार्सेलिनाकडे बघत वळी केली, दुसरी केली. वळ्या चढल्यावर मात्र तिने तिच्याकडे बघणं सोडलं. कपाटातून लाकडी चमचा मागून घेतला, आतून डाव्या हातात गोल दगड धरला आणि बाहेरून चमच्याने चोपायला लागली. टप, टप, टप. तो आमच्या परड्यातला आवाज होता. घडा नाही झाला, आपलं मडकं झालं. गोल बुडाचं, आखूड गळ्याचं, छोटं. आईचं वय ऐंशीच्या घरात, आणि हे तिचं पहिलं मडकं.

"कसलं ग वाकडं झालं," ती म्हणाली. ते वाकडं नव्हतं.

घडे भाजले त्या सकाळी वारा नव्हता. खेमेन्तेकडून, म्हणजे नगरपालिकेकडून, परवानगी घेतली होती, एक अधिकारी लांब उभा राहून नाक धरून होता. मार्सेलिनाने गोवऱ्या रचल्या, आईने त्यांतल्या दोन काढून दुसरीकडे लावल्या, आणि मार्सेलिनाने मान हलवली. धूर निघाला. विस्तवाजवळ वाईट बोलायचं नाही, असं रीनाने सगळ्यांना बजावलं होतं. आई म्हणाली, "आमच्यातबी."

मग बार झाला. बंदुकीसारखा. अधिकारी चक्क खाली बसला. मार्सेलिनाचा सगळ्यांत मोठा घडा, इतक्या दिवसांचा, फुटला होता. मी रडायलाच लागले. मार्सेलिनाने राख निवू दिली, तुकडे एकेक करून वेचले, त्यांवर फुंकर मारली आणि कॉफीच्या डब्यात टाकले. एकाही तुकड्याकडे तिने दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

आईचं मडकं चांगलं निघालं. मार्सेलिनाने आपले उरलेले घडे वाजवून पाहिले, मग आईचं मडकं तिच्या हातात दिलं आणि टिचकी मारायची खूण केली. आईने मान हलवली. मला वाटलं लाजली. मी पुढे होऊन बोट उचललं.

"वाजवू नगंस," आई म्हणाली.

"अगं, बघू तर पक्कं आहे का."

"म्हनलं न्हवं, वाजवू नगंस."

पहिलंच मडकं, बद्द वाजलं तर सगळ्यांसमोर फजिती, म्हणून घाबरली असेल, असं मी मनाशी ठरवलं. मी कुंभाराची मुलगी. मी तसं ठरवलं.

मार्सेलिना आणि रीना परत गेल्या. मडकं आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आलं. मी त्यात लसूण ठेवला, दुसऱ्या दिवशी लसूण टोपलीत. मी लिंबं ठेवली, लिंबं फ्रिजमध्ये. "रिकामं असू दे," आई म्हणाली. मग विचारलं, "इमानात मडकं न्हेता येतं का?" मी म्हटलं, तुझी लेक तेच काम करते. भांडारातून फोम आणून मी मडक्याच्या आकाराचा खळगा कोरला, खोकं केलं. मडकं त्यात असं बसलं की खोकं उलटं केलं तरी हलेना. आई खूष झाली. तिने ते परत काढून खिडकीत ठेवलं. निघायला अजून वेळ होता.

त्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा आई खिडकीजवळच्या खुर्चीत होती. स्वेटर घातलेला, मांडीवर फोन, फोनवर तिची मालिका चालू. मी चहा ठेवला. तिला विचारलं, साखर घालू ना? मालिकेतली माणसं भांडत होती. मी दोन कप ओतले. मग मी तिच्याकडे वळून पाहिलं.

हाउसआर्ट्स, म्हणजे आमची नेहमीची डॉक्टर, आली, तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात माझ्याशी बोलत राहिली. मी तिला डचमध्ये नीट उत्तरं दिली. एकही व्याकरणाची चूक केली नाही. हे मला नंतर आठवलं आणि त्याची भीती वाटली.

दत्ताला व्हिसा वेळेत मिळणार नव्हता. दहन इथेच करायचं ठरलं. संगीता आली, तिने फोन हातात घेतला, यादी केली, जेवण घातलं. म्हणाली, "सुलभाताई, मडक्याचं बघते मी. पातळ कुंडी कुठे मिळते का. या वेळी वितळलेलं मेण लावू भोकाला."

त्याच वेळी दत्ताचा फोन आला. "आक्का, कुंडी कशापायी?"

"इथे मडकं मिळत नाही रे."

"आन आईनं केलंय ते?"

मी खिडकीकडे पाहिलं.

"मला तिनं फोनवर दावलं हुतं की," दत्ता म्हणाला. "म्हनली, गावात आता कोन मडकी करतंय? कुंभाराच्या बायकोला दुसऱ्याच्या दारात मडकं मागाय जाशील व्हय? माझं मी केलंय. घिऊन येतीया." मग त्याचा आवाज फुटला. "तुला न्हाई सांगितलं?"

तिने सांगितलं होतं. सगळ्यांसमोर, दोनदा सांगितलं होतं.

मी मडकं खोक्यात ठेवलं, झाकण लावलं आणि खोकं मांडीवर घेऊन बसले. श्रीकांत म्हणाला, "तुला द्यायचं नसेल तर नको देऊ. कुंडी आणू. कुणी काही म्हणणार नाही." तो चुकीचं बोलत नव्हता. तिच्या हातचं जगात तेवढं एकच होतं. माझी सगळी नोकरी अशा वस्तू फुटू न देण्याची. आणि ती वस्तू फुटण्यासाठीच केलेली होती, आणि हे ती करताना करणारीला माहीत होतं.

मी नेलं.

आत पाणी सांडायला परवानगी नव्हती, म्हणून शवपेटी बाहेरच्या फरशीवर आणली. मडकं भरून मी डाव्या खांद्यावर घेतलं. मागून मिलिंद दगड घेऊन. संगीताने फोन उंच धरला होता, त्यात दत्ता, डोक्याला उपरणं बांधलेला. पहिली फेरी झाली. मिलिंदने दगड मारला.

खण्ण!

मी थांबले. पाठीवरून पाण्याची धार वाहत होती, बर्फासारखी, आणि कानाजवळ तो आवाज अजून चालू होता. ज्या आवाजासाठी आण्णा मडकं हातावर तोलून धरायचे तो. त्यांच्याही फार थोड्या मडक्यांना तसा आवाज होता.

"आक्का!" फोनमधून दत्ता ओरडला. "वाजलं! ऐकलंस का? वाजलं गं!"

"चाला, सुलभाताई," संगीता कुजबुजली. "चाला."

मी चालले. उरलेल्या फेऱ्या झाल्या. मग खांद्यावरून मडकं मागे सोडलं. ते फुटलं. एकदाच आवाज झाला, कुंडीसारखं उडालं नाही, गडगडलं नाही. मी मागे पाहिलं नाही.

आम्ही फाटकापाशी पोचलो तेव्हा मागून टाचांचा आवाज आला. "मेव्राऊ! मेव्राऊ!" दहनगृहातली करड्या सूटमधली बाई धावत येत होती, हातात कागदी पिशवी. "बाई, तुमचं हे राहिलं," ती धापा टाकत म्हणाली. "मी सगळे तुकडे गोळा केलेत. बारीकसुद्धा."

सगळे जागच्या जागी उभे. स्मशानातली खापरी कुणी हातात आणून देतंय, हे आमच्यातल्या कुणी पाहिलं नव्हतं. "अगं बाई, नको! घेऊ नका!" संगीता म्हणाली. "तिला सांगा, टाकून दे म्हणावं."

त्या बाईचे गुडघे मातीने माखले होते. ती खाली बसून वेचत होती. मी जन्मभर लोकांना हेच सांगत आले आहे, केरसुणी लावू नका, टाकू नका, एकूण एक तुकडा घेऊन या. मी पिशवी घेतली आणि आभार मानले.

पुढे कितीतरी दिवस ती खोक्यात होती, फोमच्या खळग्यात. मग एका रविवारी टेबलावर पांढरं कापड घालून तुकडे मांडले. माझे हात ते आपसूक करतात. काठ काठाला लागला, पोट पोटाला. सगळं होतं. दगडाची भोकंसुद्धा बुजवता आली असती. मी असं जोडू शकले असते की विलेमाइनलाही शोधावं लागलं असतं. डिंकाची बाटली उघडली. एक तुकडा उचलला, त्याच्या आतल्या बाजूला आईच्या बोटाचा खळगा होता. तो मी वेगळा ठेवला.

आणि बाटलीला झाकण लावलं. जोडलेलं भांडं वाजत नाही.

मार्सेलिनाला फोन केला. स्क्रीनवर तिने बातमी ऐकली, मग उठून आत गेली आणि कॉफीचा डबा घेऊन आली. डबा फक्त हलवून दाखवला. आत त्या दिवशीचा तिचा घडा होता.

दत्ता म्हणाला, "मयताच्या खापऱ्या घरात? आक्का, लोक काय म्हनतील?" दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. "लीद किती घालायची ते आईलाच ठावं हुतं. मला इचारू नगंस." मी कधी तिला विचारलं नव्हतं. माझ्याकडे मातीवर दोन कपाटं भरून पुस्तकं आहेत.

पाट्यावर खापऱ्या वाटल्या. तो आवाज मला सहन होईना म्हणून रेडिओ लावला आणि वाटत राहिले. कायमचं काही करायचं नाही, हा नियम मी त्या दिवशी पहिल्यांदा मोडला. गोवऱ्या शेतकऱ्याच्या भिंतीवर मीच थापल्या. पूड नव्या मातीत मिसळली, लीद अंदाजाने घातली, वळ्या लावल्या, चमच्याने चोपलं, परवा भाजलं. एक हात बुडाखाली, एक पोटाला, असं मडकं उचललं आणि टिचकी मारली.

बद्द.

शेतकऱ्याने आशेने विचारलं, "चांगलं झालं का?" मी म्हटलं, नाही, कच्चं राहिलं. तो हळहळला. मी ते तिथेच दगडावर फोडलं आणि तुकडे वेचून पिशवीत भरले.